कुसुमच्या मशीनवरचा दिवा

आता प्रभाकरला वेडा म्हणायचं की दुर्दैवी, तुम्हीच ठरवा. सरकार घरोघर एलईडी वाटत होतं तेव्हाची गोष्ट. बुऱ्हाणपुरात त्याचं असेच दिवे बनवायचं छोटंसं वर्कशॉप होतं. दुखणं एकच. चिपवर जो पारदर्शक लेप ओततात, तो तापून सहा महिन्यांत पिवळा पडायचा. वीज वाचवायला लोकांनी दिवा घ्यायचा अन् अंधारात बसायचं, हे काही त्याला पटेना.

हे दुखणं पहिल्यांदा पकडलं ते त्याच्या बायकोनं. कुसुम घरीच साड्यांना फॉल-पिको करायची, त्यामुळे नवा दिवा आधी तिच्या मशीनवर लागायचा. "अहो, उजेड मंदावला," ती म्हणाली. यानं दिवा उघडला, तर लेपाला खरंच काळ्या चहाचा रंग आलेला. बायको नाही, मीटर आहे मीटर, असं तो पार शाहपुरापर्यंत सांगत सुटला.

मग त्यानं लेपासाठी एपॉक्सी सोडून सिलिकॉन धरलं. लेप जाड केला, पातळ केला, भट्टीत जास्त वेळ ठेवून पाहिला. दर दोन महिन्यांनी कुसुमचं आपलं तेच. "अहो, परत मंदावला. कडेचं तर काहीच दिसत नाही." की लागला हा पुन्हा लेपाच्या मागे. दीड वर्ष! अरे बाबा, एकदा तिच्या डोळ्यांकडे तरी बघायचं होतंस. पण नाही.

शेवटी नेपानगरच्या गिरधरकडून, म्हणजे जुन्या दोस्ताकडून, त्यानं उजेड मोजायचं यंत्र मागून आणलं. कुसुमच्या मशीनवरचा सहा महिने वापरलेला दिवा मोजला, मग कोरा दिवा मोजला. आकडे जवळपास सारखेच. लेप काचेसारखा स्वच्छ. इतक्या दिवसांची मेहनत फळाला आली होती, आणि प्रभाकर दोन्ही दिवे घेऊन कुसुमकडे धावला.

"कुसुम, नीट बघ. यातला कोणता जास्त उजळ?"

"दोन्ही मंदच आहेत हो."

दुसऱ्याच दिवशी तो तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलीय ती औषधानं टिकवू, डॉक्टर म्हणाले. वर्षभर आधी आणलं असतं तर बरीच वाचली असती.

बाहेरच्या बाकावर बसून प्रभाकर ढसाढसा रडला. कुसुमनं चाचपडत त्याचा हात धरला.

"रडू नका ना. चुकलं माझंच," ती म्हणाली, "तुमच्या चांगल्या दिव्यांना उगाच नावं ठेवत राहिले."