ब्रेक गेले

दर रविवारी ओरन टिडवेलच्या गाडीचे ब्रेक जायचे. ब्रेक नाही तर क्लच, नाहीतर नुसतीच थरथर. शर्यत सुरू झाली की तो चाळीस गाड्यांच्या शेपटाला राहायचा, कुणाच्या वाटेत न येता वीसेक फेऱ्या मारायचा आणि गाडी हळूच ट्रॅकवरून आत, दुरुस्तीच्या जागेकडे वळवायचा. मग पर्वीस तिचं बॉनेट उघडून आत डोकं घालून उभा राहायचा, काहीतरी शोधत असल्यासारखा. गाडीला काहीही झालेलं नसायचं.

शेवटच्या नंबरालाही बक्षिसातला वाटा मिळतो. टायर न झिजवता आणि पत्रा न चेपता तो वाटा घरी न्यायचा, यावरच म्हाताऱ्या हॉयट ग्रीसनचं वर्कशॉप तग धरून होतं. गाडी एकच, इंजिन भाड्याचं, माणसं तीन. हॉयट मालक. पर्वीस लोहार, मेकॅनिक, ट्रकचा ड्रायव्हर, सगळंच. आणि ओरन, गाडी आत आणणारा. ह्या धंद्यातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. नियमाविरुद्ध काही नव्हतं, म्हणून कुणी बोलत नसे, पण रविवारी सकाळी बड्या संघांचे मेकॅनिक ओरनला हाक मारायचे, "काय रे, आज काय मोडणार?" तो हसायचा. हसायची सवय झाली होती.

तो कायम असा नव्हता. बाप कापडगिरणीत गेला आणि तिथेच खोकून संपला. ओरन मात्र मिसरूड फुटायच्या आत कॅरोलायनाच्या लाल मातीच्या ट्रॅकवर शनिवारच्या शर्यती मारू लागला. गाडी घसरायला लागली की बाकीचे घाबरत, हा सैल सोडायचा. त्याच्यासाठी लोक दोन-दोन गावं ओलांडून येत. तिशी उलटल्यावर त्याला मोठ्या शर्यतींत जागा मिळाली, चांगल्या संघात, नवी कोरी गाडी. पहिल्याच वर्षी एकदा तिसरा आला. दुसऱ्या वर्षी गाडीवर नाव लावून पैसे पुरवणारी कंपनी गेली आणि तिच्या पाठोपाठ जागाही. नवा पोरगा आला, त्याच्याबरोबर त्याच्या बापाची कंपनी आली. "तुझ्यात काही खोट नाही, ओरन," संघाचा मालक म्हणाला होता. खोट असती तर निदान ती दुरुस्त करता आली असती.

त्यानंतर कुणी आजारी पडलं की बदली म्हणून जा, कुणाची गाडी तपासून दे, असं करत वर्षं गेली. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो हॉयटकडे आला. बायको लॉरेटा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिने एकदाच विचारलं होतं, "मुद्दाम हरायचे पैसे देतात तुला?" तो म्हणाला, "हरायचे नाही. थांबायचे."

एका उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या एका जुन्या ट्रॅकवर शर्यत होती. डांबर इतकं झिजलेलं की टायर किसणीवर धरल्यासारखे जात. पर्वीसने आठवडाभर गाडीखाली पडून स्प्रिंगांशी काहीतरी झटापट केली होती. का, ते त्यालाच ठाऊक. थांबायच्याच गाडीला कोण एवढं करतो? पण शर्यत सुरू झाली आणि दुसऱ्याच वळणावर ओरनच्या पाठीच्या कण्याला कळलं. गाडी वळत नव्हती, वळणात बसत होती. हात म्हणतील तिथे नाक, आणि मागची चाकं मुकाट मागोमाग. अशी गाडी त्याला उभ्या आयुष्यात दोनदा मिळाली असेल.

हॉयट प्रेक्षकांच्या वर, छपरावर उभा राहून रेडिओवरून त्याला वाट सांगत असे. वीस फेऱ्या झाल्या.

"झालं, पोरा. ये आत."

ओरनने पुढचं वळण घेतलं, आत वळला नाही.

"ओरन? ऐकू येतंय ना?"

"येतंय, मिस्टर हॉयट."

"ब्रेक गेलेत तुझे."

"ब्रेक झकास आहेत, मिस्टर हॉयट."

हॉयट रेडिओवरच खाली उभ्या पर्वीसला म्हणाला, "तू तरी सांग रे त्याला."

पर्वीसचा आवाज आला. "मागचा उजवा टायर किती राहिलाय, ओरन?"

म्हणजे पर्वीसही त्याला थांबवणार नव्हता. अर्ध्या तासात ओरन विसाव्या नंबरावर होता, मग सोळाव्या. गाड्या सावकाश करायला लावणारा पिवळा झेंडा दाखवला गेला, सगळे टायर बदलायला आत आले. ह्यांच्याकडे राखीव संच एकच. तो लावून झाल्यावर पर्वीस शेजारच्या संघाकडे गेला आणि त्यांनी काढून टाकलेले अर्धे झिजलेले टायर मागून आणले. पुढच्या झेंड्याला तेच चढवले. गाडीला फरकच पडला नाही. आता हॉयटही छपरावरून हरकत न घेता वाट सांगत होता, "आतल्या बाजूला मोकळं आहे... अजून आहे... गेलास पुढे." एकदा त्याचा आवाज चिरकला. ओरन नववा झाला. पुढे आठव्या गाडीचं शेपूट इतकं जवळ आलं की तिच्या धुराचा वास येत होता. त्याला हसू येत होतं, आणि आपण मोठ्याने काहीतरी बडबडतोय हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

इंजिन भाड्याचं होतं, आणि ते थोड्या फेऱ्यांसाठीच घेतलेलं. सरळ भागाच्या शेवटी ते आतून फुटलं. सांडलेलं तेल त्याच्याच मागच्या चाकांखाली आलं. गाडी आधी भिंतीला बाजूने लागली, मग नाकाने.

डॉक्टरांनी त्याला तपासून सोडलं. बाहेर पर्वीस ट्रकच्या पायरीवर बसला होता. क्रेनने आणून टाकलेल्या लोखंडाकडे तो बघतही नव्हता. बऱ्याच वेळाने हॉयट छपरावरून गुडघे सांभाळत खाली आला.

"हाडं शाबूत?"

"शाबूत."

"बरं झालं." तो पर्वीसच्या शेजारी बसला. "माझ्या बाजूला एक जण होता. विचारत होता, हा कोण एवढा पळवतोय? मी म्हटलं, माझा आहे." मग टोपी काढून त्याने कपाळ पुसलं. "इंजिनवाल्याला उद्या मीच फोन करतो. तुम्ही दोघं नका करू."

घरी लॉरेटाने जेवण झाकून ठेवलं होतं.

"टीव्हीवर दाखवलं?" त्याने विचारलं.

"दाखवलं की. धडकलास तेव्हा. दोनदा दाखवलं."

"त्याच्या आधी?"

ती ताट पुढे सरकवत म्हणाली, "आधी पहिल्या पाचांचंच चाललं होतं. मग जाहिराती. खालच्या पट्टीत तुझं नाव येत होतं, मी बघितलं ना."

तरीही आठवडाभर तो फोनच्या आसपास राहिला. नववा नंबर कुणाच्या तरी नजरेला पडला असणारच, असं त्याला वाटत होतं. बड्या संघांपैकी कुणाचाही फोन आला नाही. मग त्यानेच हॉयटसारख्या एका छोट्या मालकाला फोन लावला, जो दर रविवारी एक गाडी अशीच थांबवायचा.

"मी येतो. आहे ती गाडी चालवतो," ओरन म्हणाला.

"तू चांगला आहेस रे, कोण नाही म्हणतंय? पण मला आत येणारा माणूस हवाय." तो मालक कुजकटपणे बोलत नव्हता, म्हणून जास्त लागलं. दुसऱ्या एका मालकानेही तेच सांगितलं, जरा आडून. बड्यांनी त्याला पाहिलंच नव्हतं, आणि छोट्यांनी नीट पाहिलं होतं.

थंडी पडायच्या आत हॉयटने इंजिनचे पैसे भागवायला वर्कशॉप विकलं. वसंतात तो गेला. ओरन अंत्यविधीच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसला. हॉयटच्या मुलीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. पर्वीस शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करू लागला होता. ओरन त्याला भेटायला गेला तेव्हा तो एका बसखाली होता, बाहेर आलाच नाही.

"माझ्यामुळे झालं सगळं," ओरन त्याच्या बुटांना म्हणाला.

"मीही काही आत ये म्हटलं नाही." पान्हा घासल्याचा आवाज. मग, "गाडी खरंच चांगली होती का रे? का माझं आपलं मन राखायला...?"

"एवढी चांगली मला कधीच मिळाली नव्हती."

"मग झालंच की वाटोळं," पर्वीस म्हणाला. "वाईट असती तर आज आपण तिघंही कामावर असतो."

ओरन पुन्हा तिकडे गेला नाही.

आता तो एका मोठ्या ट्रॅकवर हौशी लोकांना फिरवून आणतो. शर्यतीची जुनी गाडी, शेजारी एक जादा सीट, तीन फेऱ्या. इंजिनला आवर घातलेला आहे. पाय तळापर्यंत दाबला तरी ती ठरल्यापेक्षा पुढे पळत नाही. लोक किंचाळतात, उतरून त्याच्याबरोबर फोटो काढतात. संध्याकाळी तो घरी येतो, हात धुतो, जेवतो. शर्यत टीव्हीवर असली तर लॉरेटा विचारते, "लावू का?" तो नको म्हणतो, आणि ती लावत नाही.