सायलेन्सरमधली माती

"मशीन बिघडलीय तुझी," संजीवनी म्हणाली.

पीयूसीवाल्या दिपेशने नळी पुन्हा तिच्या व्हॅनच्या सायलेन्सरमध्ये घातली. आकडा पुन्हा वरच गेला. "ताई, तिसऱ्यांदा बघतोय. गाडी फेल आहे."

संजीवनीची गाडी आणि फेल! अंबरनाथ-बदलापुरात शाळेची पोरं नेणाऱ्या व्हॅनवाल्यांत तिचा तोराच तसा होता. "माझ्या गाडीमागे उभं राहून खुशाल श्वास घ्या," असं ती पालकांना ऐकवायची. वेळेवर ऑइल बदलायचं, एअर फिल्टर साफ ठेवायचा, क्लचवर उगाच पाय ठेवायचा नाही. हे सगळं तिला शिकवलं कॅम्प चारच्या मेकॅनिक महिपतीने. नवरा गेल्यावर तिने गाडी हातात घेतली तेव्हापासून ती त्याला राखी बांधत होती.

दिपेशने वाकून सायलेन्सर पान्याने ठोकला. "आतला जाळीचा ठोकळाच काढलाय. धूर तोच साफ करतो. त्यात महागडे धातू असतात, त्यामुळे त्याची माती भंगारात सोन्याच्या भावाने जाते. गाडी कोणाकडे टाकता?"

"एकाकडेच," ती म्हणाली, आणि तिला दिवाळी आठवली.

दिवाळीच्या सर्व्हिसिंगनंतर गाडी मोकळी पळायला लागली, म्हणून ती महिपतीला पेढे घेऊन गेली होती. त्याने मान खाली घालून पेढा खाल्ला. कौतुकाने लाजला, असं तिला वाटलं. किती मूर्ख असावं माणसाने!

ती तडक कॅम्प चारला गेली. महिपती गॅरेजमध्ये एकटाच होता. त्याने नाकारलंही नाही.

"सगळेच काढतात गं. तुझं काय बिघडलं? उलट पिकअप वाढला ना?"

"सगळ्यांचं मला काय सांगतोस, दादा? दिवाळीपासून शाळेच्या गेटवर मी पोरांच्या तोंडावर तो धूर सोडतेय. आणि गावभर सांगत फिरतेय, माझा भाऊ बघतो गाडी!"

तो फडक्याने हात पुसत राहिला. "नवीन बसवून देतो," शेवटी म्हणाला.

"नको. तुझा हात नको आता माझ्या गाडीला."

ती चावी फिरवणार, तेवढ्यात तो सवयीने बोलून गेला, "पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. पेट्रोल खाईल. भरून घे."

तिने गाडी काढली. पण बदलापूरच्या रस्त्याला पंप दिसला तशी ती थांबली. "पुढचं डावं बघ रे," हवावाल्याला म्हणाली.

त्याने मीटर लावला. "सहा पॉइंट कमी. नुसतं बघून कसं कळलं, ताई?"

"मला नाही कळलं," संजीवनी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.