त्या टाळ्या कुणाच्या होत्या?

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. काळी, ताटाएवढी, कडेचा टवका उडालेली. ग्वाल्हेरला दाना ओली नावाच्या गल्लीत गाणं शिकवणारे मुकुंदराव राहतात, त्यांच्या बैठकीच्या खोलीत ग्रामोफोनशेजारी माझी जागा आहे. माझं वय ऐंशीच्या पुढे गेलं. एवढ्या वर्षांत आपण कोण आहोत हे कळायला हवं होतं. पण यंदाच्या गुरुपौर्णिमेपासून मी पार गोंधळून गेले आहे.

माझा जन्म जर्मनीतला, महायुद्धाच्या दिवसांतला. एका मोठ्या सभागृहात शंभरेक वादक एकदम वाजवत होते. त्यांच्यापुढे पांढऱ्या केसांचा एक माणूस डोळे मिटून बारीक छडी हलवत होता. छडी थांबली की सगळी वाद्यं थांबत. त्या देशात तो एखाद्या सिनेनटासारखा प्रसिद्ध होता. त्या दिवशीचं वादन माझ्या अंगावर कोरलं गेलं आणि अगदी शेवटच्या वळशांत टाळ्याही कोरल्या गेल्या. काय त्या टाळ्या! खरं सांगते, मला सुरांपेक्षा त्यांचाच जास्त तोरा होता.

मुकुंदरावांचे वडील संभाजीराव फौजेत होते. आफ्रिकेत शत्रूच्या हाती सापडले आणि कैदी म्हणून जर्मनीत जाऊन पडले. सुटका झाली तेव्हा एका ओसाड घरात मी त्यांना मिळाले. त्यांनी मला कांबळ्यात गुंडाळून ग्वाल्हेरला आणलं. त्यांच्या पत्नी शांताताईंनी माझ्या पाकिटावरचा फोटो पाहिला.

"मिटलेले डोळे, हातात छडी. कोणी मोठे गुरुजी दिसतात हो," त्या म्हणाल्या. फोटोखाली एक शिक्का होता आणि त्यात स्वस्तिक होतं. मग तर त्यांची खात्रीच पटली. "बघा, तिकडेही आपलं शुभचिन्ह!" म्हणत त्यांनी त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. संभाजीराव काहीतरी बोलायला गेले आणि गप्प बसले. का गप्प बसले, ते मला आजवर समजलेलं नाही.

तेव्हापासून दर गुरुपौर्णिमेला घरातल्या गुरूंच्या तसबिरींच्या ओळीत माझं पाकीट उभं राहू लागलं. हार, अक्षता, कुंकू. छोटे मुकुंदराव मोठे झाले, गवई झाले, पण मला लावण्याआधी कानाची पाळी धरायला कधी विसरले नाहीत. आपल्याकडे गुरूचं नाव घेताना धरतात ना, तशी. पुढे कॅसेट आल्या, मोबाईल आले. वर्षभर माझ्यावर धूळ बसे. पण तो एक दिवस माझा असे. कुंकवाची पुटं चढत गेली आणि तो शिक्का त्यांच्याखाली दिसेनासा झाला.

यंदा पौर्णिमेच्या चार दिवस आधी मुकुंदरावांचा जुना शिष्य अभिराम आला. तो हल्ली जयेंद्रगंजात एका नेत्याचं ऑफिस सांभाळतो.

"गुरुजी, पौर्णिमेला तुमचा सत्कार आहे. नेताजी खुद शाल घालणार. टीव्हीवाले येणार. आधी तुमचं गाणं, मग नेताजींचं भाषण. फक्त तबल्यावर समरजीतकाका नकोत."

"का रे? चाळीस वर्षं साथ करतात ते माझी."

"तुम्हाला तो पता आहे. नेताजी गावातलं जुनं सभागृह पाडताहेत, त्याविरुद्ध त्यांनी पेपरात पत्र लिहिलं. नेताजी नाराज आहेत."

मुकुंदरावांनी खांद्यावरचं विरलेलं उपरणं सारखं केलं. अख्ख्या हयातीत त्यांना कुणी शाल घातली नव्हती. ते म्हणाले, "बरं, येतो. आपल्याला गाण्याशी मतलब. राजकारणाशी काय करायचंय?" मला तर आनंदच झाला. टाळ्या मिळणार म्हटल्यावर मी दुसरं काय म्हणणार?

त्याच संध्याकाळी त्यांची नात यशश्री मला हातात घेऊन बसली. ती जर्मन भाषा शिकते आहे. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायचं म्हणून तिनं ओल्या कापसानं कुंकू पुसलं. शिक्का दिसला, खालचं नाव दिसलं. मग ती बराच वेळ मोबाईलमध्ये वाचत राहिली.

"आजोबा, ये वो नहीं हैं जो आपण समजत होतो. हे नाझींचं चिन्ह आहे. हे साहेब त्या सरकारचे लाडके होते. यांच्या वाद्यमेळातले ज्यू वादक काढून टाकले, तेव्हा हे काहीच बोलले नाहीत. त्यातले काही वादक परत कधी दिसलेच नाहीत."

मुकुंदरावांचा चेहरा उतरला. "पण वाजवलंय किती सुंदर," ते हळूच म्हणाले.

"हो, सुंदर तो है ही. युद्धानंतर त्यांना जाब विचारला ना, तर काय म्हणाले माहितीये? मी संगीताचा माणूस, राजकारणाशी माझा काय संबंध?"

मुकुंदरावांनी फोन उचलला आणि अभिरामला सांगितलं, "मी येत नाही. शाल तुझ्या नेताजींनाच घाल."

माझी अवस्था काय सांगू, मित्रांनो! माझा एकही सूर बदलला नव्हता. मग मी कालच्यापेक्षा वाईट कशी झाले? आणि त्या मेळात माणसं कमी होती हे मला कधी जाणवलं कसं नाही? मला तर तो पुरा भरलेला वाटायचा.

पौर्णिमेला समरजीत तबला घेऊन घरी आले. मुकुंदरावांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "समरजीत, मी आधी हो म्हटलं होतं."

"माहीत आहे मला, मुकुंददादा. अभिरामनं सांगितलं. वाईट वाटलं, झूठ कशाला बोलू? आता चला, सा द्या."

यंदा माझं पाकीट तसबिरींच्या ओळीत नव्हतं. गाणं संपल्यावर मात्र मुकुंदरावांनी मला ग्रामोफोनवर चढवलं. कानाची पाळी धरली नाही. मुकुंदराव, समरजीत आणि यशश्री, तिघं मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटचा सूर विरला. आता टाळ्या, मी मनात म्हटलं. तेवढ्यात मुकुंदरावांनी सुई उचलली.

मित्रांनो, माझ्यासारखी तबकडी तुमच्या घरी असेल तर तिला मऊ फडक्यानं पुसा, उन्हापासून जपा. फोडू नका. हारही घालू नका. ती ऐका आणि त्या दिवशी वाजवायला कोण कोण नव्हतं, तेही शोधा. माझ्या टाळ्या अजून माझ्या शेवटच्या वळशांत आहेत. त्या कुणी वाजवल्या असतील, याचा मी रोज विचार करते, आणि आता कुणी त्या ऐकवा म्हटलं तर मलाच नको वाटतं.