हिच्यापेक्षा जरा कमी

क्रीमच्या कंपनीला अचानक उपरती झाली होती. वर्षानुवर्षं बायकांना गोरं करून दमल्यावर आता म्हणे ‘आहे तशीच सुंदर’. जाहिरातीला सावळी मुलगी हवी होती. त्यांच्या जाहिरातींचा मेकअप मी करते, म्हणून भाचीला घेऊन गेले. पोरगी सावळी कसली, चांगली काळी आहे, आणि अशी देखणी की बघत राहावं. तिची एकच हौस होती. आईने आपल्याला एकदा टीव्हीवर बघावं आणि ती लिंबू-सायीची वाटी कायमची बंद करावी. माझी ताई रोज सकाळी ती वाटी घेऊन लेकीच्या तोंडामागे लागते.

दिग्दर्शकाला भाची पसंत पडली. मग कंपनीच्या बाई आल्या. त्यांचं म्हणणं, मुलगी गोडच आहे, पण सावळी म्हणजे इतकीही नको. त्यांनी एक गोरीपान नटी आणली आणि मला सांगितलं, हिला सावळी करा. किती, म्हणून विचारलं, तर भाचीला शेजारच्या खुर्चीत बसवून म्हणाल्या, “हिच्यापेक्षा जरा कमी.”

माझं टाळकंच सटकलं. ब्रश फेकून निघणार होते, पण भाचीने हळूच माझा पदर ओढला आणि ‘नको’ म्हणून मान हलवली. मग काय, दातओठ खात नटीच्या तोंडाला-हातांना रंग चढवला.

पुढे फजितीच झाली. नटीने डबीत बोट घातलं की रंग क्रीममध्ये उतरायचा. पांढरीशुभ्र क्रीम, तिचा पार चहा व्हायचा. डब्या संपत आल्या तेव्हा कंपनीच्या बाईंना खुर्चीतली पोर आठवली. डबी धरायला आणि बोटाने क्रीम घ्यायला भाचीचे हात घेतले. चेहरा नटीचा, हात आमचे. वर कंप्युटरवाल्याने नटीला पुन्हा उजळवलं, म्हणजे माझी सगळी मेहनत पाण्यात. हातांना मात्र तो विसरला.

जाहिरात लागली तेव्हा मी ताईकडे जेवायला होते. भाचीचा घास हातातच राहिला. ताईने डोळे बारीक करून शेवटपर्यंत पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

“चेहरा छान जमलाय गं तुला. पण हात गोरे करायचे राहिले वाटतं. कसे मेले काळेकुट्ट दिसतायत.”

भाचीने डावा हात तिच्यासमोर धरला. “आई, ते माझे हात आहेत.”

ताईने तो हात आपल्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि तिचे डोळे चक्क भरून आले. मला वाटलं, चला, जिंकली पोरगी. मलाही भरून आलं.

“अगं, मग आधी सांगायचं नाहीस का,” ताई म्हणाली, “हातांनाही लिंबू लावलं असतं.”