एका पिनवर दोघं

"एका खुंट्याला दोघी गं, तू वढ, मी लोटिते,
जड दाणा दोघींचा गं, हलका करून वाटिते."

अव्वाचा, म्हणजे आईचा, हा आवाज शिवगंगाच्या कानात लहानपणापासून बसलेला. उन्हाळ्यात निलंग्याच्या घरी अव्वा आणि शेजारची साखराबाई समोरासमोर बसून जात्यावर तूर भरडायच्या. खुंटा एकच. अव्वाकडे आला की साखराबाईपासून लांब गेलेला. शिवगंगा जमिनीला कान लावून पडायची. गाणं वरून यायचं, घरघर खालून, आणि दोहोंच्या मधे तिला झोप लागायची.

तशीच घरघर आज तिच्या हाडांत शिरली होती, आणि भीतीनं तिचं अंग गार पडलं होतं.

अर्धापूरच्या अलीकडे, केळीच्या बागांमधून, कुणा हौशी माणसानं सरळ डांबरी पट्टी बांधली होती. दसऱ्याला तिथं घरी बनवलेल्या रेसिंग गाड्या पळवायच्या. आधी एक सरावाची फेरी, मग एक वेळ मोजण्याची. पट्टीच्या शेवटाला जुन्या टायरांची भिंत, तिच्यामागं केळी. शिवगंगा सरावाची फेरी करून नुकतीच परतली होती. हेल्मेट काढायला हात वर नेले, तर बोटं आपली वाटेनात.

"कसं पळालं गं?" मल्लिनाथनं विचारलं. तो तिचा थोरला भाऊ. गाडी त्याचीच, लातूरच्या शेडमध्ये रात्रंदिवस खपून केलेली.

"भारी," ती म्हणाली.

"नुसतं भारी? हलत नव्हतं ना?"

"थोडं. इंजिन हाय ते, पाळणा न्हाई."

तो हसला. तीही हसली. दात वाजत होते ते त्याला दिसू नयेत म्हणून तिनं ओठ मिटून घेतले.

हे हलणं कुठून आलं ते दोघांनाही ठाऊक होतं. गाडीचं इंजिन आडवं पसरलेलं, दोन सिलिंडर डावीकडं, दोन उजवीकडं. आधी ते बॉक्सर होतं. पंधरवड्यापूर्वी मल्लिनाथनं क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, बदलायचं काढलं, तेव्हा शेडमध्ये त्यानं तिला मुठी पुढं करून समजावलं होतं.

"हे बघ. बॉक्सरमधे प्रत्येक पिस्टनला क्रँकवर आपापली पिन. समोरासमोरचे दोघं एकदम आत येतेत, एकदम बाहेर जातेत. टाळी वाजवल्यासारखं. याचा धक्का तो खातो, त्याचा हा. इंजिन शांत."

"मग बदलायचं कशाला?"

"दोघं एकदम आत आले की खालची हवा कोंडती. ती ढकलण्यात ताकद जाती. अन् चार पिना म्हणजे क्रँक लांब. फ्लॅट व्हीमधे समोरासमोरचे दोघं एकाच पिनवर. हा आत आला की तो बाहेर. क्रँक आखूड, हलका, फिरतो बी जोरात. जुन्या बारा सिलिंडरच्या रेसगाड्या असल्याच होत्या. लोक त्यांना बॉक्सर म्हणायचे, पण आत एका पिनवर दोघं."

"म्हणजे जातं."

"हाव की! जातंच."

"पण अण्णा, बारा कुठं अन् आपले चार कुठं?"

त्यानं मुठी खाली घेतल्या. "बारा असले की सगळे धक्के एकमेकांत जिरतेत. चारांत मागची बाजू पिळल्यागत हलती. रबरी गट्टू लावतो ना खाली. चालून जातंय."

गुरुबसप्पांच्या लेथवरून नवा क्रँक आला तो अष्टमीच्या संध्याकाळी. बसवेपर्यंत खंडेनवमी उजाडली. अव्वानं शेडमध्ये येऊन पान्यांना, ड्रिलला, गाडीच्या नाकाडाला विभूती लावली, झेंडूची माळ घातली. मल्लिनाथनं नुसतं चालू करून बघतो म्हटलं, तर ती दारातच उभी राहिली.

"आज हत्यारं निजलेली असतेत. निजलेल्याला उठवतो व्हय रे?"

"अव्वा, एकदा तर बघू दे!"

"एकदा न्हाई, अर्धदा न्हाई. उद्या शिलंगण हाय, उद्या उठव."

अव्वाला समजवा म्हणून त्यानं फोन केला तर गुरुबसप्पा हसले. "माझी लेथ माळ घालून बसलीय बाबा. तू बी बस." असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. शिवगंगानंही अव्वाचीच बाजू घेतली होती. नवमीला यंत्र फिरवायचं नाही, हे तिच्या रक्तातच होतं. न फिरवलेलं इंजिन दसऱ्याच्या पहाटे टेम्पोत चढलं. चाकूर, अहमदपूर, लोहा मागं पडलं. नांदेडात शिखांच्या हल्ला-महल्ल्याच्या मिरवणुकीची गर्दी म्हणून टेम्पो बाहेरूनच आला. आणि या पट्टीवर, आपला नंबर येईपर्यंत गरम राहावं म्हणून बराच वेळ घुमवत ठेवलेल्या त्या इंजिनाच्या गाडीत ती पहिल्यांदा बसली.

आता ती दुसऱ्यांदा बसत होती.

"गंगाताई," नांदेडचा सत्यम मागून म्हणाला. तिला काही झालं तर गाडी चालवायला म्हणून तो हेल्मेट काखेत घेऊनच फिरत होता. "दमली असशील तर सांग. आम्ही बसूनच हावोत."

"बसूनच राहा. बसायची सवय लागलीय तुला."

पोरं खिदळली. तिनं पट्टे ओढले. ही जागा तिनं भांडून मिळवली होती, काकांशी, गावाशी, खुद्द अण्णाशी. एकदा उतरली की पुन्हा कुणी बसू देणार नाही. चार मिनिटं चालवली अन् पोरगी घाबरली, एवढंच बोलतील.

मल्लिनाथनं इंजिन उठवलं. खालच्या पत्र्यातून कंप वर चढला, टाचेतून पोटरीत, पोटरीतून मांडीत. पायाला मुंग्या आल्या. आरशातली केळीची झाडं विरघळल्यासारखी दिसू लागली. मघाशीही असंच झालं होतं. मघाशी टायरांची भिंत अंगावर आली तेव्हा तिनं ब्रेक दाबला होता. दाबला असावा. गाडी थांबली तेव्हा नाकाड आणि टायर यांच्यामध्ये एखादं माणूस आडवं मावेल एवढीच जागा राहिली होती. इथून, या टोकावरून, ते कुणाला दिसलं नव्हतं.

मल्लिनाथ वाकला. तिच्या हेल्मेटवर टकटक करून ओरडला, "या खेपेला मी तिकडं उभा राहतोय. टायरांपाशी. तू येताना फोनवर घेतो. अव्वाला दाखवायचंय."

तो निघाला. मोबाइल वर धरून, पट्टीच्या कडेनं, पाय उचलत. पाठीवर घामाचा ओला डाग.

शिवगंगानं ब्रेकवरचा पाय दाबून पाहिला. पेडल खाली गेलं की नाही, कळेना. डोळ्यांनी वाकून बघावं लागलं.

झेंडेवाल्यानं झेंडा वर केला.

तिनं हात लांब करून बटण दाबलं. इंजिन बंद पडलं. एवढी शांतता झाली की केळीची पानं ऐकू आली.

"काय झालं?" मल्लिनाथ पळत आला. "बंद कसं पडलं?"

"मी केलं."

मागं कुणीतरी हसलं. सत्यम पुढं सरकला. तिनं हेल्मेटची काच वर केली.

"अण्णा, तिकडं उभा राहू नको. तिकडं कुणीच उभं राहू नका. मघाशी ब्रेक लागला का न्हाई, ते मला कळलंच न्हाई. पाय बधिर झालता. आत्ता बी झालाय. गाडी आपसूक थांबली का मी थांबवली, देवाला ठाऊक. मी तुला भारी म्हणले. भारी न्हाई अण्णा, मला लई भ्याव वाटायलंय."