यादीत नसलेलं घर

मी एक जुनी खंजिरी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच मला भंगारात काढू नका, मित्रांनो! माझं चामडं दोनदा बदललंय, पाच जोड झांजांपैकी एक जोड हरवलाय, पण तोंड अजून शाबूत आहे. जरा धक्का लागला की मी बोलतेच. काय करणार, जित्याची खोड!

पुलगावच्या रूपराव सुतारांनी मला शिवणीच्या लाकडातून घडवलं. झांजा बसवल्यावर त्यांनी मला एकदा मांडीवर आपटलं आणि म्हणाले, "जमली बा!" त्या दोन शब्दांवर मी आजही खूश आहे.

मला विकत घेतलं आनंदाबाईंनी. त्या सिंदी मेघेला राहायच्या. दवाखान्यात नर्स होत्या आणि रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांत सगळ्यांत पुढे बसायच्या. नाताळच्या आधीच्या आठवड्यात तर माझी नुसती चंगळ असे. आमची मंडळी संध्याकाळी घरोघर जाऊन येशूच्या जन्माची गाणी गाते. ज्या दारात चांदणीचा कंदील लागलेला दिसेल ते घर आपलं, एवढी साधी खूण.

गाणं संपलं की आनंदाबाई उठायच्याच नाहीत. कुणाच्या पोराचा पाढा ऐक, कुणाच्या गुडघ्याला तेल लाव, कुणाकडे ओल्या तुरीच्या शेंगा सोलायच्या असल्या की सूप ओढून सोलत बस. मंडळी दारात ताटकळत. कुणी कुरकुरलं की त्या म्हणत, "प्रभू येशू कोनाच्या घरी गेला तं पंगतीले बसे. दारातून हात हालवून नाई निघे!" मला तेव्हा राग यायचा. मला वाजायचं असायचं आणि ह्या आपल्या शेंगा सोलत बसलेल्या!

आनंदाबाई गेल्या आणि माझे दिवस फिरले. कपाटात गोधड्यांच्या मागे किती वर्षं काढली, देवच जाणे. झांजांचा एक जोड तिथेच हरवला. चामड्याची कड उंदरानं खाल्ली. माझ्यासारख्या बडबडीला गप्प बसायला लावणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला नाही कळायचं. शेवटी त्यांच्या नातीनं, जयानं, गोधड्या उन्हात टाकताना मला बाहेर काढलं. लहानपणी ती आजीच्या मांडीवर बसून माझ्या झांजा ओढायची. तिनं मला नवं चामडं लावून घेतलं. त्या दिवशी मी वाजले ती इतकी वाजले की जया म्हणाली, "पुरे ना बाई आता!"

आता गाणाऱ्यांचे पुढारी होते प्रफुलदादा. माणूस सोन्यासारखा, पण मनगटावरच्या घड्याळाचा चाकर. घरं वाढली होती आणि सगळ्यांच्या नोकऱ्या. म्हणून त्यांचा नियम होता, एका घरी दोन गाणी, एक प्रार्थना, दहा मिनिटं, चला पुढे. मी तर खूश होते. नुसतं वाजायचं, बसायचं नाव नाही.

मागच्या वर्षीची बावीस डिसेंबरची संध्याकाळ. यादीत चौदा घरं होती. पाच झाली. सहाव्या घराकडे जाताना आम्ही एक गल्ली आधीच वळलो. समोर ओसरीवर मोठी चांदणी लागलेली. झालं! आम्ही आत शिरलो आणि गाणं सुरू केलं. एक म्हातारी बाई घाईघाईनं बाहेर आली. अंगावर कोरी साडी. आम्हाला बघून तिचा चेहरा पडला आणि मग हळूहळू खुलला. अर्ध्या गाण्यात जयाला अंगणातली तुळस दिसली. प्रफुलदादांना दारातून भिंतीवरची लक्ष्मीची तसबीर दिसली.

"अरे, हे घर आपल्या यादीत नाई!" ते पुटपुटले.

"या ना बापा, बसा," बाई म्हणाली. "कोनी तं आलं!"

त्या शोभाबाई. त्यांचे यजमान हिरालाल यांचं किराण्याचं दुकान होतं, आता ते दोघंही नाहीत, दुकानही आणि हिरालालही. चांदणी दिवाळीची होती. मुलगा पियुष पुण्याला नोकरीला. दिवाळीत त्याला सुटी मिळाली नाही, नाताळच्या सुटीत येतो म्हणाला. "पोरगा आल्याबिगर दिवाळी कशी उतरवू? म्हनून कंदील तसाच ठेवला," शोभाबाई सांगत होत्या. "चार दिवस झाले, अनारसे, चिवडा करून राह्यली. आज दुपारी त्याचा फोन आला, नाई जमत म्हने."

बोलता बोलता त्यांनी बशा मांडल्यासुद्धा. सात बशा, आम्हा सात जणांना माणशी एक.

प्रफुलदादांनी घड्याळ बघितलं. "मावशी, आमाले अजून नऊ घरी जाच आहे."

"हो हो, जा बापा. उशीर होते तुमाले." शोभाबाई एकेक बशी पुन्हा डब्यात रिकामी करू लागल्या. बशीला डबा लागून खणखण आवाज होत होता.

तेव्हा जयानं चपला काढल्या आणि ती ओसरीवर बसली. "दादा, तुमी व्हा पुढं. मी बसतो मावशीजवळ."

"मंग खंजिरी तं दे!"

"ते बी बसते माह्यासंगं," जया म्हणाली आणि तिनं मला मांडीवर ठेवलं.

खरं सांगते मित्रांनो, मी मनात फणफणले. ऐन नाताळात मी बिनवाजता बसायचं? पण जया काहीच करत नव्हती. अनारसा खात होती आणि ऐकत होती. शोभाबाई पियुषच्या लहानपणाबद्दल बोलल्या, हिरालालच्या शेवटच्या दुखण्याबद्दल बोलल्या, मग रडल्या, मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "दोन महिन्यांत एवढी बोलली नव्हती व माय." तेव्हा माझी फणफण कुठल्या कुठे गेली. आनंदाबाई शेंगा सोलत का बसायच्या, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. मला माझीच लाज वाटली.

मग शोभाबाईंनी मला उचललं. "भजनी मंडळात होती ना मी. हे गेल्यापासून सोडलं." त्यांनी मला ओसरीच्या दिव्यावर जरा शेकलं, दवानं सैल पडलेलं चामडं ताणलं गेलं, आणि त्या वाजवू लागल्या. अहाहा! जयाची माफी मागून सांगते, असा हात मला आनंदाबाईंनंतर मिळाला नव्हता.

इतक्यात फाटक वाजलं. प्रफुलदादा आणि सगळी मंडळी परत!

"काय झालं?" जयानं विचारलं.

"लोकं विचारे, जया कोठी आहे? सांगतलं, एका मावशीजवळ बसली. तं एक बुढा म्हने, मंग तुमी काऊन नाई बसले?" प्रफुलदादांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. "बाकीच्या घरी फोन केला, उद्या येतो म्हनून. मावशी, अनारसे उरले का?"

सात बशा पुन्हा भरल्या. गाणी आमची होती, ताल शोभाबाईंचा. कुणी घाई केली नाही. निघताना शोभाबाई फाटकापर्यंत आल्या, मग परत ओसरीवर गेल्या आणि त्यांनी बटण दाबलं. दोन महिने जळणारी चांदणी विझली.

"झाली माही दिवाळी," त्या म्हणाल्या. "उद्या उतरवतो."

यंदाची यादी प्रफुलदादांनी परवाच लिहिली. शोभाबाईंचं घर त्यांनी सगळ्यांत शेवटी घातलंय. पुढे घर असलं की उठायची घाई होते, म्हणाले.

मित्रांनो, मला वाजवून झालं की कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा, उंदरांपासून जपा, एवढंच माझं मागणं. मी कुणाच्या तरी हातात आहे, याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. आणि सुटीत कुणाच्या दारात गेलात, तर तेवढ्या चपला काढून बसा.