हवेची वजावट

कारखान्यात मला सगळे वजनबाई म्हणतात. बावीस वर्षं मी एकच काम करते आहे. बाळांच्या डायपरमध्ये पाणी सोडायचं, किती जिरलं, किती गळलं ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. लोकांना हसू येतं. येऊ दे. त्यांची पोरं रात्रभर कोरडी झोपली ती कुणाच्या जिवावर, हे विचारायला कोणी येत नाही.

आमच्या खोलीत एक रबरी बाळ आहे, कमरेपासून गुडघ्यांपर्यंतचंच. त्याला आम्ही गुंडू म्हणतो. गुंडूच्या पोटातून नळी जाते. तिच्यातून कोमट मीठपाणी तीन खेपांना सोडायचं, दर खेपेला ऐंशी मिली. मग डायपर उतरवून काट्यावर ठेवायचा. त्यानंतर त्याच्यावर टिपकागदांची चळत, चळतीवर जड ठोकळा, दोन मिनिटं थांबायचं आणि कागद किती जड झाले ते बघायचं. कागद जड म्हणजे बाळाच्या कातडीला ओल परत लागणार. डायपर म्हणजे शेवटी मऊ लगदा आणि त्यात मिसळलेली पावडर. पावडर पाणी पिऊन फुगते. चांगली पावडर प्यायलेलं सोडत नाही.

पावडर हवेतली ओलही थोडीफार पिते. त्यामुळे दमट दिवसांत काटा दोन-तीन ग्रॅम जास्त दाखवतो. तेवढे आम्ही मनातल्या मनात वजा करतो आणि उरलेला आकडा लिहितो. याला आमच्याकडे हवेची वजावट म्हणतात. ती कुठल्या कागदावर नाही, वहीत तिचा रकाना नाही. माझ्या आधीच्या बाईंनी मला शिकवली, मी नंतरच्या मुलींना शिकवली. नवख्या मुलीची वजावट चुकते, माझी चुकत नाही, असा माझा तोरा होता.

मग सात नंबरची पावडर आली.

पहिल्याच दिवशी टिपकागद कोरडे ठणठणीत निघाले. मी खूश झाले. काट्यावर ठेवले तर ते ठेवतानापेक्षा हलके भरले. बारा ग्रॅमचे कागद, साडेअकरा. ओल्या डायपरवर दाबलेला कागद हलका होऊन कसा निघेल? म्हटलं, कागदच दमट असतील. डायपर काट्यावर ठेवला. एकतीस ग्रॅमचा डायपर, दोनशे चाळीसचं पाणी, म्हणजे दोनशे एकाहत्तर. काटा म्हणाला दोनशे ऐंशी. मी डबा खाऊन परत आले तर दोनशे सत्त्याऐंशी. कोणी हात लावला नव्हता. खोलीत मी सोडून कोणी नव्हतंच.

मी हवेची वजावट केली. सोळा ग्रॅम. एवढी मी जन्मात कधी केली नव्हती, पण आकडा बरोबर यायला हवा होता आणि तो बरोबर आला.

त्या आठवड्यात माझी बोटं उलायला लागली. गुंडूच्या मांड्यांवर बारीक भेगा पडल्या. फरशी पुसणाऱ्या मावशी एकदा दारातच थबकल्या.

"वजनबाई, तुमच्या खोलीत पोछा फिरवला की मागे वळेपर्यंत वाळतो हो. मला बाई इथे तोंडाला कोरड पडते."

"मग कमी बोला," मी म्हटलं. मावशी गाल फुगवून निघून गेल्या. त्यानंतर त्या माझी खोली पुसायला घाईघाईने यायच्या आणि बादली बाहेरच ठेवायच्या.

आता माझ्या घरचं सांगते. माझी लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली ती इथेच राहिली होती. नवरा लांबच्या कामावर. नात पाच महिन्यांची, जन्माला आली तेव्हाच अशी गुबगुबीत की आम्ही तिला ढमी म्हणायला लागलो. पण ढमीने आईच्या नाकी नऊ आणले होते. अंगावर लाल पुरळ, ओलं झालं की किंकाळी, तासातासाला जाग. लेकीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. एकदा ती भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपली आणि बाळ तिच्या हातातून सुटता सुटता मी धरलं. त्या दिवशी माझ्या काळजाचं पाणी झालं.

कारखान्यात नवीन डायपर आधी काही घरी देऊन बघतात. पिशवीवर फक्त नंबर असतो. कोणत्या घरी कोणता नंबर ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि वापरलेले डायपर बंद पिशवीत परत येतात, वजनाला, माझ्याकडे. ढमीचं नाव मी घातलं होतं. चिठ्ठीत आला चार नंबर. चार म्हणजे जुनीच पावडर, नाव बदललेली. मला माहीत होतं, कारण सगळे नंबर माझ्याच हाताखालून जायचे. बाकीच्या लोकांची पोरं सातमध्ये कोरडी झोपणार आणि माझ्या नातीने चारमध्ये रडायचं? मी चारच्या पिशव्यांत सातचे डायपर भरले आणि घरी आणले. लबाडी होती. मला तेव्हा ती माया वाटली.

तिसऱ्या दिवशी पुरळ गेली. पाचव्या दिवसापासून ढमी रडेनाशी झाली.

"आई, तू जादू केलीस," लेक म्हणाली. ती सात तास झोपून उठली होती, केस विंचरले होते. "किती शांत झालीये बघ. आणि दूध काय पिते! सारखी तहानलेली. एवढं पिऊन डायपर वरून कोरडाच."

मला इतका आनंद झाला की मी शेजारणीलाही ऐकवलं. लाळ गळायच्या वयात ढमीचं लाळेरं कडक इस्त्रीचं राहायचं, हे मी बघितलं. आंघोळीनंतर तिला पुसावं लागत नाही, हेही बघितलं. बघितलं आणि कौतुक केलं.

आमच्या घरचे वापरलेले डायपर माझ्याकडे यायचे तेव्हा नेहमीपेक्षा जड असायचे. चार नंबरच्या नावाखाली एवढा आकडा लिहिला तर साहेब विचारणार. म्हणून दर डायपरमागे आठ-दहा ग्रॅम हवेची वजावट. तीन आठवडे, रोजचे सहा डायपर. माझा हात एकदासुद्धा अडखळला नाही.

मग एका सकाळी पावडरसाहेब माझ्या खोलीत आले. पावडरी तेच बनवतात, म्हणून ते नाव. एरवी ते दारातूनच ओरडून बोलतात. त्या दिवशी ते आत आले, दार लावलं आणि स्टुलावर बसले.

"वजनबाई, सात नंबर थांबवायचाय. आत्ताच्या आत्ता. एक मूल दवाखान्यात आहे."

"काय झालंय?"

"सुकलंय. डॉक्टर म्हणतात, जुलाब नाहीत, ताप नाही, दूध पितंय, तरी आतून सुकलंय. ही सहा घरांची यादी. फोन करा, सगळ्यांना सांगा डायपर काढून टाका." मग त्यांनी माझी वही पुढे ओढली. "मला एक समजत नाही. तुमच्या नोंदीत सात नंबर अगदी सरळ दिसतो. दोनशे चाळीस ओतलं, दोनशे चाळीस आलं. तुमच्या आकड्यांकडे बघूनच मी तो घरोघरी पाठवला."

मी यादी बघत होते. सहा घरं. माझं सातवं.

"साहेब, यादीत एक घर कमी आहे," मी म्हटलं.

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते मला रागावले नाहीत. यादी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "पळा."

घरी फोन लावला. वाजत राहिला. टॅक्सीतून पुन्हा लावला, पुन्हा, पुन्हा. बाळ झोपलं की लेक फोनचा आवाज बंद करते. मी बेरीज करायला लागले, कारण मला दुसरं काही येत नाही. आठ ग्रॅम, सहा डायपर, एकवीस दिवस. एक किलोच्या वर गेलं. ते हवेतून आलं नव्हतं. हवा इतकी ओली नसते. ढमीने पीत पीत त्यातलं किती भरून काढलं आणि किती नाही, हे मला सांगता येईना. मी माझ्या नातीला वहीतून थोडं थोडं वजा करत होते.

दार उघडून आत शिरले. भर दुपार, खिडक्यांतून लख्ख ऊन, आणि घरात एवढा कोरडेपणा की श्वास नाकात टोचला. दोरीवरचे सकाळचे कपडे पुठ्ठ्यासारखे कडक. लेक पलंगावर गाढ झोपलेली, ओठ पांढरे पडलेले. उशाशी काचेचा तांब्या, तळाला दोन बोटं पाणी.

ढमी पाळण्यात होती. झोपलेली नव्हती. डोळे सताड उघडे, माझ्याकडे लावलेले, आणि त्यांना चकाकी नव्हती. टाळूची जागा वाटीसारखी खोल गेली होती. मी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली.

मी डायपरच्या पट्ट्या सोडल्या. तो निघेना. चिकटला नव्हता, धरून बसला होता. मी ओढला तेव्हा एक बारीक चर्र आवाज झाला आणि ढमीने तोंड उघडलं. ती रडत होती. पूर्ण तोंड उघडून, पाय झाडत, आणि आवाज नव्हता, पाणी नव्हतं.

डायपर माझ्या हातात आला. माझ्या हाताला वजन कळतं, काटा लागत नाही. सहाशे ग्रॅम. आतला भाग नव्यासारखा मऊ, पांढरा, कोरडा. मी तो धरून उभी होते तेवढ्यात तो आणखी जड झाला आणि माझ्या अंगठ्याची भेग भळभळण्याऐवजी आत ओढली गेली. मी तो न्हाणीघरात भिरकावला. फरशी ओली होती, बादली भरलेली होती. टॉवेल घ्यायला मी परत गेले तोवर फरशी वाळली होती. बादलीत मी बघितलं नाही.

"आई? काय करतेस?" लेक उठून बसली होती. तिचा आवाज खरखरीत होता.

"चल. ढमीला घे. दवाखाना."

वाटेत मी तिला काही सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंना मात्र सांगावं लागलं, कारण त्यांनी विचारलं, आणि लेक शेजारीच उभी होती. चिठ्ठीचं सांगितलं, पिशव्यांचं सांगितलं, वजावटीचं सांगितलं. डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. लेक माझ्याकडे बघत होती.

"तुला वजन माहीत होतं," ती म्हणाली. "रोज."

"हो."

"आणि तू ते वहीतून काढून टाकत होतीस."

"हो गं."

तिने ढमीला माझ्यापासून लांबच्या खांद्यावर घेतलं.

तिसऱ्या टोचणीला शीर सापडली. ढमीच्या इवल्या मनगटाला फळी बांधली, बाटलीतून थेंब पडायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता लघवीची वाट बघायची. मूत्रपिंडं चालू आहेत हे कळलं की निम्मा घोर गेला. डायपर नको, साध्या सुती कापडावर ठेवा, म्हणजे लगेच दिसेल."

आम्ही दोघी कापडाकडे बघत बसलो. पांढरं धुतलेलं कापड, चार घड्या. बावीस वर्षं मी कोरड्या कापडाच्या मागे होते. आता एक तास झाला, दोन झाले, अडीच झाले, ते कापड कोरडंच. नर्स येऊन बघून जायची. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. पाण्याची बाटली समोर होती, ती उचलायचं धाडस मला होईना.

ऊन उतरलं तेव्हा ढमीने एक पाय हलवला. मग तिच्याखाली एक डाग दिसला. रुपयाएवढा. मग तळहाताएवढा. पिवळा, ओला, कडा पसरत जाणारा. लेक ओक्साबोक्शी रडायला लागली, कापडावर कपाळ टेकून, त्या ओलीत. मीही रडत होते. आणि माझी नजर डागाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली, सवयीने, फक्त सवयीने.

लेकीने डोकं वर केलं. तिला दिसलं. तिने चादर ओढून डाग झाकला.

"मोजू नकोस," ती म्हणाली. "आई, तू घरी जा."